हसाजी तेल्याचा नववा दिवा

एकदा काय झालं, खाडीच्या तोंडाशी एक घर होतं. एकटंच. बाकीचा गाव आत, माडांच्या मागं. त्या घरात राहायचे हसाजी तेली. आपल्यासारखेच बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. शनिवारी घाणा बंद, बैल मोकळा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. जवळ नात होती, सिगुला, दहा वर्षांची. तिला आई नव्हती. बाप होता, एलोजी, पण तो मचव्यात, म्हणजे शिडाच्या होडीत, तेलाचे बुधले घालून मुंबईला गेलेला. जाताना सांगून गेला, "हनुक्याच्या आठव्या संध्याकाळी येतो. धक्क्यावर उजेड धर गं बाये. काळे खडक आहेत तिथं."

मग आला हनुका, आपला दिव्यांचा सण. तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगते. फार पूर्वी यरुशलेमचं मंदिर शत्रूनं विटाळलं. आपल्या लोकांनी ते परत घेतलं, धुतलं, तर दिव्याला चांगलं तेल एका दिवसापुरतंच. ते आठ दिवस जळलं. म्हणून पहिल्या संध्याकाळी एक दिवा, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असे आठ. दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे. आणि ते नुसते बघायचे, बरं का. त्या उजेडात सुई ओवायची नाही, तांदूळ निवडायचे नाहीत. कामाला वेगळा दिवा, जरा बाजूला. तो शमाश, म्हणजे चाकर. तोच बाकीच्यांना पेटवतो आणि त्याच्याच उजेडात घर चालतं.

हसाजींना हे सगळं पाठ होतं. नुसतंच पाठ.

माणूस पडला तेली. दिव्यांचे काचेचे पेले नऊ, त्यातला नववा, शमाशचा पेला त्यांनी फळीवर पालथा घातला. सिगुला म्हणाली, "आजोबा, शमाश?"

"एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं की नाही? मग त्यातून शिकायचं काय? तेल जपायचं. दारात दिवे जळतायत, तेवढ्यात सगळं होतं."

"ते कामाचे नाहीत ना पण."

"घाणा मी चालवतो की तू?"

झालं. मोठी माणसं अशीच. उत्तर नसलं की वय दाखवतात. कंदिलातलं तेलही त्यांनी काढून घेतलं आणि कोठीची किल्ली कमरेला लावली.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी चुलीतल्या काडीनं दिवा पेटवला आणि तीळ निवडायला बसले. आणि काय झालं, दिवा तर जळतोय छान, पण सुपात अंधार. उजेड सुपावर पडेचना. हसाजी म्हणाले, "वात वाईट वळलीस."

तिसऱ्या संध्याकाळी ते बैलाचं जोतं, म्हणजे मानेचा पट्टा, शिवायला बसले. तीन दिवे जळतायत, आणि हातातलं जोतं दिसत नाही. आरी गेली बोटात. म्हणाले, "तू उजेडात उभी राहिलीस."

पाचव्या संध्याकाळी त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. म्हणाले, हे तर देवाचंच काम. अक्षर दिसेना. दारात पाच ज्योती कशा, सोन्याच्या तुकड्यांसारख्या. पण त्या दिसत होत्या तेवढ्याच. त्यांच्यानं दुसरं काही दिसत नव्हतं. आता हसाजी काय म्हणाले असतील? "तेलात कुणीतरी पाणी घातलंय." स्वतःच्या घाण्याचं तेल, बरं का. पण चूक आपली म्हणायची नाही.

मग आली आठवी संध्याकाळ. आठ दिवे लागले. चंद्राची कोर आली तशी बुडाली. भरतीचं पाणी खडकांवर चढलं. आणि खाडीतून हाक आली. "होऽ हो." एलोजीचा आवाज.

सिगुला उठली. "आजोबा, बाबा आले. उजेड द्या."

"ह्यातलाच एक उचल."

तिनं एक पेला उचलला आणि पायऱ्या उतरली. दोन पायऱ्यांवर ठेचकाळली. हातात दिवा, आणि स्वतःचे पाय दिसत नाहीत. ती परत आली. पेला होता तिथं ठेवला आणि आजोबांसमोर हात पसरला.

"किल्ली द्या."

हसाजींनी कमरेची किल्ली मुठीत धरली.

"आजोबा, वात मी नीट वळली होती. मी उजेडात उभी नव्हते. तेलात पाणी नाही. तुम्ही चाकराला घरातून काढलंत आणि त्याचं काम ह्यांच्या गळ्यात घातलंत. ते करणार नाहीत. बाबा बुडाले तरी करणार नाहीत. किल्ली द्या."

पुन्हा हाक आली. ह्या वेळी खडकांच्या जवळून.

हसाजींनी किल्ली दिली नाही. स्वतःच उठले. चाचपडत कोठीत गेले आणि तेलाचा बुधलाच घेऊन आले. नववा पेला सुलटा केला. भरताना इतकी घाई केली की निम्मं तेल जमिनीवर सांडलं, आणि त्यांनी जमिनीकडे बघितलंसुद्धा नाही. सिगुलानं निखाऱ्यावर काडी पेटवली, वातीला लावली.

आणि अंगण दिसलं. पायऱ्या दिसल्या. पार धक्क्यापर्यंतची वाट दिसली.

दोघं धावली. वारा होता. हसाजींनी दोन्ही तळवे ज्योतीभोवती धरले. भाजले, पण काढले नाहीत. मचवा वळला, खडकाला घासून धक्क्याला लागला.

एलोजी उतरून म्हणाला, "लांबून दारात आठ दिसले, तेव्हा कळलं, आपलं घर अजून आहे. पण कुठून यायचं ते ह्या एकानं सांगितलं."

तिघं घरी आली. दारात आठ दिवे तसेच जळत होते. आणि आता त्यांच्या उजेडात काहीतरी दिसलं. एलोजीचा चेहरा दिसला. सिगुला कितीतरी वेळ तो नुसता बघत बसली. कुणी कामाला हात लावला नाही.

हसाजी 'चुकलो' म्हणाले का? नाही म्हणाले. पण पुढल्या वर्षी त्यांनी सगळ्यांत आधी नववा पेला भरला, काठोकाठ. मी एवढ्यावर सोडलं नसतं. सिगुलानं सोडलं. आणि मग तिघं सुखानं राहिली, खाडीच्या तोंडाशी.

चला, आता मी शमाश विझवते, माझं काम झालं. ते आठ राहू देत, त्यांचे ते विझतील. त्यांच्याकडे बघत बघत डोळे मिटा.