तिसरा वेढा

त्या राज्यात जमिनीवर कोणी राहत नसे. काळ्या डोहावर वाकलेल्या एका बाभळीला सुगरण पक्ष्यांची घरटी लटकलेली होती, आणि प्रत्येक घरट्याचा सगळा भार फांदीवरच्या एकाच गाठीवर असे. विणण्याचे काम नरांचे. ज्याची गाठ पक्की त्याला मान मिळे. ज्याची सुटे त्याच्याकडे बाकीचे पाठ करून बसत, कारण दुसऱ्याची चुकलेली गाठ पाहणे हा तिथे मोठा असभ्यपणा समजला जाई.

या रीतीमुळे एक आजार पिढ्यानपिढ्या कोणी नीट पाहिलाच नव्हता. आधी चोच थरथरे. मग विणणारा गवताचे पाते घेऊन फांदीवर बसे आणि पुढे काय करायचे ते त्याला आठवत नसे. शेवटी पंखही त्याचे ऐकत नसत. या आजाराला नाव नव्हते. 'अमका जरा सैल झालाय,' एवढेच म्हणत, तेही आवाज खाली आणून.

रेखीव हा त्या झाडावरचा सर्वांत चांगला विणकर होता, आणि तो दोन वर्षांत सैल झाला. त्याची जोडीदारीण सावरी रोज त्याच्याजवळ बसून एकेक वेढा मोठ्याने सांगे. 'आता खालून घे. आता ओढ.' तो ऐके, मान हलवी, आणि पाते तसेच धरून बसे. एका भर दुपारी त्याचे घरटे त्याच्यासकट डोहात गेले. सावरीने मदतीसाठी वर पाहिले तेव्हा तिला एकही चेहरा दिसला नाही. झाडभर नुसत्या पाठी होत्या.

तेराव्या दिवशी झाडाचा वडीलधारा केशरतात्या तिच्याकडे आला.

"सावरी, रेखीवच्या नावाने एक मोठं घरटं बांधू," तो म्हणाला. "सगळ्यांत उंच फांदीवर. लांबून दिसेल असं."

"त्यात राहणार कोण, तात्या?"

"राहायचं कशाला? आठवण म्हणून."

"आठवण मला आहे," सावरी म्हणाली. "त्याला काय झालं होतं, ते मला कळायला हवंय."

काठावरच्या झुडपात उसव्या नावाचा एक शिंपी पक्षी राहत असे. पाने शिवण्यापेक्षा जुनी शिवण उसवून पाहण्याचाच त्याला नाद होता. सावरी त्याच्याकडे गेली. सैल होऊन गेलेल्यांची घरटी उसवून पाहशील का, असे तिने विचारले.

"पाहीन. पण दिवसभर उसवत बसलो तर खाऊ काय?"

म्हणून सावरी घरोघर फिरली. प्रत्येक घरट्याने उसव्यासाठी सकाळचा एक घास काढून ठेवावा आणि आपल्या घरातला कोणी सैल होऊन गेला असेल तर त्याचे घरटे डोहात न टाकता तिच्याकडे द्यावे, एवढेच तिचे मागणे होते. त्याला 'रेखीवचा घास' असे नाव पडले. पहिल्या वर्षी घास इतके आले की उसव्याला संपेनात. आणि घरटीही आली, झाकून, पहाटेच्या अंधारात, देणाऱ्याने नाव न सांगता.

दुसऱ्या वर्षी घास कमी झाले. तिसऱ्या वर्षी कित्येक सकाळी सावरीने स्वतःचाच घास नेला. मग केशरतात्याने सगळ्यांना बोलावले आणि उसव्याला मधल्या फांदीवर उभे केले.

"तीन वर्षं झाली. काय सापडलं?"

"अकरा घरटी उसवली," उसव्या म्हणाला. "अकराही ठिकाणी वरच्या गाठीचा तिसरा वेढा आधी ढिला पडलाय. चोच थरथरायच्या कितीतरी आधी."

"आणि औषध?"

"ते नाही. मेलेल्यांची घरटी मला शेवट सांगतात. चोच त्या वेढ्याला का अडते, ते विणताना पाहिल्याशिवाय कळायचं नाही. मला जिवंत विणकर हवा. सैल झालेला."

केशरतात्याने मान फुगवली.

"म्हणजे सगळ्यांदेखत चुकणारा? असा या झाडावर कोणी नाही. उद्या दुपारपर्यंत कोणी पुढे आला नाही, तर घास बंद."

संध्याकाळी रेखीवचा धाकटा भाऊ दोरक सावरीच्या फांदीवर आला.

"वहिनी, मी जातो उद्या."

सावरीने त्याच्या चोचीकडे पाहिले. ती थरथरत होती. याच्या भावाला मी घास भरवत होते, तेव्हा हा समोरच बसत होता. आपल्याला दिसले कसे नाही?

"नको," ती म्हणाली. "दुसरं कोणीतरी येईल. तुझी बायको अंड्यांवर बसलीय. तिला कळलं तर?"

"तिला माझ्याआधी कळलंय. तीच म्हणाली, जा."

इतकी वर्षे दारोदार मागत फिरलेल्या सावरीला त्या क्षणी वाटले, घास बंद झाला तरी चालेल. पण दोरक तिच्या परवानगीसाठी आलाच नव्हता. तो दुसऱ्या दिवशी तिच्याआधी मधल्या फांदीवर जाऊन बसला.

"मी बरा होईन का?" त्याने उसव्याला विचारले.

"तू? बहुधा नाही."

"मग कोण होईल?"

"ज्याला अजून ठाऊकही नाही, तो. झाला तर."

दोरकने पाते उचलले. दुपार कोंदट होती, झाडाचे पानही हलत नव्हते. पहिला वेढा बसला, दुसराही बसला. तिसऱ्याला चोच थांबली, पात्याच्या टोकाभोवती हवेतच फिरली, आणि पाते निसटून डोहाकडे गेले. फांद्यांवर पंखांची खसखस झाली. एकेक जण पाठ फिरवू लागला.

"बघा!" सावरी ओरडली. तिचा आवाज चिरकला. "रेखीवच्या वेळी कोणी बघितलं नाही. आता तरी बघा!"

खसखस थांबली. काही पाठी तशाच राहिल्या, काही हळूहळू वळल्या.

"पुन्हा," उसव्या म्हणाला. तो दोरकच्या चोचीला चिकटूनच बसला होता. "या वेळी सावकाश. कुठे विसरलास ते मला सांग."

"नवं पातं हवं," दोरक म्हणाला.

खालच्या फांदीवरून एक मादी उडाली, काठावरून पाते तोडून घेऊन आली आणि तिने ते त्याच्यासमोर धरले. तेही पडले. दुसरा कोणी तिसरे घेऊन आला. पडणाऱ्या प्रत्येक पात्यानंतर उसव्या काहीतरी पुटपुटे, दोरकची चोच जरा डावीकडे वळवी आणि म्हणे, "पुन्हा." काठापासून मधल्या फांदीपर्यंत पाती घेतलेल्यांची रांग लागली. सावरी रांगेच्या कडेने चालत गेली, प्रत्येकाचे पाते हिरवे आहे की वाळके ते पाहत.

रांगेच्या शेवटी केशरतात्या बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. त्याच्या चोचीतले पाते ताजे होते, लांब होते, आणि वारा नसताना त्याचे टोक थरथरत होते.