तिसरी हाक

खोल समुद्रात, जिथवर फक्त पाखरं आणि कोळ्यांच्या होड्या जातात, तिथे एक बेट होतं. बेटावर मूठभर घरं आणि घरांच्या मागे एक डोंगर. पायथ्याशी लख्ख ऊन असलं तरी त्याच्या माथ्यावर ढग बसलेले असायचे; संध्याकाळी तेवढे ते सरायचे. सगळे त्याला थोरला म्हणत.

शेवंतीचं घर थोरल्याच्या अगदी पायाशी होतं. घर म्हणजे काय, झावळ्यांचं गळकं छप्पर आणि एक चूल. चुलीवर सकाळी पेज, संध्याकाळीही पेज. त्याचं तिला काही वाटत नसे. घरात दुसरंच काहीतरी कमी होतं. नुकत्याच सरलेल्या पावसाळ्यात तिची आई तापाने गेली होती.

आई माथ्यावरचा दिवा लावायची. बेटाभोवती पाण्यात काळी खडपं होती, दातांसारखी टोकदार, आणि त्यांच्यामधून आत यायला एकच चिंचोळी वाट. माथ्यावरच्या दगडी घुमटीत दिवा दिसला, की होड्यांना ती वाट सापडे. होड्या परतायच्या दिवशी आई पहाटे निघे, दिवसभर डोंगर चढे आणि दिवा लावून रात्र वर काढे. दुसऱ्या दिवशी उतरताना फणसाच्या वळणावर थांबून ती खाली हाक मारी.

"शेवू! शेवू! शेवू!"

मग शेवंती अंगणातून ओरडे, "ओ!"

हाका तीनच का, ते बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं. थोरल्यावर तिसरी हाक आल्याशिवाय ओ द्यायची नाही. माणूस तीन हाका मारतो. जे माणूस नसतं, त्याला दोनच मारता येतात.

आई गेल्यावर दोन धट्टेकट्टे गडी दिवा लावायला निघाले आणि फणसाच्या वळणावरूनच धावत खाली आले. त्यांचे चेहरे राखेसारखे झाले होते. वर कोणीतरी हाक मारत होतं. "शेवू... शेवू..." आणि मग काही नाही. तिसरी हाक आलीच नाही.

तेव्हापासून कोणी वर गेलं नाही. माथा अंधारात राहिला. एक होडी खडपांवर फुटली, माणसं कशीबशी पोहत किनाऱ्याला लागली.

आणि आज शेवंतीचे बाबा परतायचे होते.

पहाटेच समुद्राच्या कडेला वादळाची काळी रेघ उमटली होती. शेवंतीच्या सोबतीला राहिलेली सखूआत्या दारात उभी राहून ती रेघ बघत होती. "मी गेले असते गो," ती म्हणाली, "पण हे मेले गुडघे."

"मी जाते, आत्या."

"तू? अगो, तुझंच नाव घेऊन बोलावतंय ते!"

"पण बाबांना वाट कशी दिसेल?"

आत्याने वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात दिव्यासाठी उंडीच्या बियांचं तेल भरलं, काडेपेटी फडक्यात गुंडाळली, वर एक भाकरी ठेवली. शेवंतीच्या केसांवरून हात फिरवत ती म्हणाली, "हाक आली तरी ओ देऊ नकोस. थांबू नकोस. तिसरी आली, तर आणि तरच."

शेवंती निघाली. आधी काजूची झाडं लागली, तिथे भीती नव्हती. मग रान दाट झालं. ऊन पानांवरच अडकलं आणि खाली हिरवा काळोख साचला. वाटेवर मुळं पसरली होती, झोपलेल्या सापांसारखी, आणि ती प्रत्येक मुळाकडे नीट बघून मगच पाऊल टाकत होती. पाखरं गप्प होती. मागे काहीतरी वाजलं की ती थांबायची. ती थांबली की तेही थांबायचं.

"ते माझंच पाऊल आहे," तिने तुंब्याला सांगितलं. तुंबा आत डुबुक् डुबुक् करत राहिला. तेवढीच सोबत.

दुपार कलली तेव्हा फणसाचं वळण आलं. तिने श्वास रोखला, मान खाली घातली आणि भराभर चालू लागली.

"शेवू..."

तिचे पाय थिजले. आईच हाक मारायची अशी, शेवटचं अक्षर लांबवून.

"शेवू..."

मग सगळं चिडीचूप. शेवंती डोळे मिटून तिसरीची वाट बघत राहिली. यावी असंही वाटत होतं, येऊ नये असंही. ती आली नाही.

ती पळत सुटली. वळण मागे पडलं, चढ लागला, छातीचा भाता झाला. आणि पळता पळता तिच्या मनात आलं, दुसरी हाक पहिलीपेक्षा बारीक होती. तापात आई पाणी मागायची, तशी. भुताला कशाला धाप लागेल? तिसरीसाठी त्या आवाजात दमच उरला नसेल तर?

ती थांबली. खाली घर होतं, वर दिवा होता, आणि मागे ते. तरी ती मागे वळली, एक एक पाऊल टाकत वळणापाशी आली आणि मोठ्याने म्हणाली, "ओ!"

फणसाच्या खोडावर काहीतरी लुकलुकलं.

मागच्या वादळात तिथली एक फांदी मोडली होती आणि जखमेतून पांढरा चीक ओघळून घट्ट झाला होता. त्या चिकात बोटाएवढी एक परी अडकली होती. तिचा झगा आबोलीच्या पाकळीसारखा, केस जोंधळ्याच्या तुऱ्यासारखे, आणि इवलेसे पंख मोरपिसाच्या डोळ्यासारखे निळे-हिरवे. पण सगळ्यावर चिकाची पुटं चढली होती आणि मुंग्या अगदी जवळ पोचल्या होत्या.

"आलीस?" परी कुजबुजली. "किती दिवस बोलावतेय. सगळी माणसं पळून जातात."

"तुला माझं नाव कसं ठाऊक?"

"नाव? ते नाव आहे? इथे एक बाई उभी राहून तसं म्हणायची आणि खालून माणसाचा आवाज यायचा. मला वाटलं, माणसाला बोलवायचा हाच शब्द."

शेवंतीने मुंग्या फुंकून उडवल्या आणि पंख हळूच ओढून पाहिला.

"आई गं! पंख आहे तो, फणसाचा गरा नाही!"

गरा म्हणताच शेवंतीला आठवलं. फणस कापायच्या आधी आई विळीला आणि हातांना तेल लावायची. तेल असलं की चीक सुटतो. तिच्याकडे तेल होतं. पण ते दिव्याचं होतं.

थोडंसंच, म्हणून तिने बोटं बुडवली. एक पंख सुटला. दुसऱ्याला अजून लागलं. झग्याला, केसांना, चिमुकल्या पायांना... शेवटचा पाय मोकळा झाला तेव्हा तिने तुंबा हलवला. डुबुक् आवाज आला नाही. शेवंती मटकन खाली बसली. आकाशातली काळी रेघ आता अर्ध्या समुद्रावर पसरली होती.

परी तिच्या गुडघ्यावर उतरली. "तू मला सोडवलंस. तुझी एक इच्छा मी पुरी करीन. फक्त एक. ती माथ्यावर जाऊन मागायची, आणि सूर्य पाण्यात बुडायच्या आत. उशीर झाला तर माझ्या हातात काही नाही."

"आई?" शेवंतीच्या तोंडून आपोआप निघालं.

परीचे पंख मिटले. "गेलेल्याला परत आणता येत नाही गं. ते कुठल्याच परीला येत नाही. तिचा आवाज मात्र ऐकवता येईल. एकदाच."

शेवंतीने परीला खांद्यावर बसवलं आणि चढू लागली. झाडं संपली, गवत लागलं, गवत संपून नुसता कातळ लागला. वारा तिला कड्याकडे ढकलू लागला. ती रांगत चढली, बोटं खरचटली, आणि खाली बघायचं नाही, बघायचं नाही, असं म्हणत शेवटी घुमटीपाशी पोचली.

मग तिने खाली पाहिलं. खडपांवर पांढऱ्या लाटा फुटत होत्या. त्यांच्या अगदी जवळ करड्या पाण्यात एक होडी डुचमळत होती. तिचं तोंड कधी इकडे वळे, कधी तिकडे. तिला वाट सापडत नव्हती. ठिगळ लावलेलं ते शीड शेवंतीने ओळखलं. ठिगळ आईनेच घातलं होतं.

सूर्य पाण्याला टेकला.

"माग," परी म्हणाली. "काय ते आत्ता माग."

आईचा आवाज. फक्त एकदा. तो शब्द शेवंतीच्या ओठांवर आला होता. तिने ओठ घट्ट मिटले, डोळे पुसले आणि घुमटीतल्या कोरड्या पणतीवर हात ठेवला.

"हा दिवा लागू दे. आणि होड्या यायच्या असतील तेव्हा तो कधी विझू नये."

परीने पणतीवर फुंकर घातली. एक ठिणगी उडाली, सोनेरी, जिऱ्याएवढी. मग ज्योत उभी राहिली, केशरी, पिवळी, कडांना निळी. बघता बघता घुमटी उजळली, माथा उजळला आणि उजेडाचा एक लांब पट्टा खडपांमधल्या वाटेवर जाऊन पडला.

होडीचं तोंड वळलं. ती पट्ट्यात आली, काळे दात मागे टाकत सरकली आणि शांत पाण्यात शिरली. खालून शंख वाजला. बाबांचा शंख.

शेवंती हसत होती आणि रडतही होती. "आता तू जाणार?"

"मला जायलाच हवं." परी वर उचलली गेली. तिच्या पंखांवर आता चिकाचा एक ठिपकाही नव्हता. "मागितलेलं मी दिलं. न मागितलेलंही कधी कधी देता येतं, शेवू. पण ते सांगून देत नाहीत."

ती काजव्याएवढी झाली, चांदणीएवढी झाली आणि मग उजेडातच विरघळून गेली. वारा पडला. आणि त्या उजेडातून, अगदी जवळून, कोणीतरी शेवटचं अक्षर लांबवत हाक मारली.

"शेवू..."

तो आवाज परीचा नव्हता. त्यात धाप नव्हती, ताप नव्हता. वळणावरच्या दोन हाकांनंतर राहिलेली ती तिसरी हाक होती.

शेवंती उभी राहिली. तिला जरासुद्धा भीती वाटली नाही.

"ओ!" ती म्हणाली.