शेवंतीबाईंचे हातमोजे

समुद्राच्या अगदी काठावर वसलेल्या एका गावात खाऱ्या पाण्याचे एक मत्स्यालय होते. त्याची सगळी व्यवस्था विश्राम केरकर नावाचे गृहस्थ पाहत. लोक त्यांना विश्रामभाऊ म्हणत. माणूस सरळ आणि कष्टाळू. पण आपण कुणाचे भले करायला निघालो, की त्याने ते मुकाट्याने करून घ्यावे, अशी त्यांची अपेक्षा असे.

मत्स्यालयात बारा टाक्या होत्या. त्या आतून घासणे, माशांना खाणे घालणे, दगड आणि प्रवाळ जागच्या जागी लावणे हे काम शेवंतीबाई तारी करत. नऊ वर्षे त्यांनी ते उघड्या हातांनी केले. प्रवाळाने कापून आणि खाऱ्या पाण्याने झोंबून त्यांच्या हातांची कातडी कधी धड राहिली नव्हती. त्यात मोठ्या टाकीत एक साळिंदर होते. जंगलातले नव्हे, समुद्राच्या तळाशी राहणारा, लांब काळ्या काट्यांचा, चेंडूसारखा एक प्राणी. मत्स्यालयात त्याला सगळे साळिंदरच म्हणत. एकदा त्याचा काटा शेवंतीबाईंच्या बोटात मोडला आणि बोट टम्म सुजले. डॉक्टरांनी काटा काढला, पण बजावले, की अशी जखम पुन्हा चिघळली तर बोटावर बेतेल.

हे विश्रामभाऊंच्या कानावर आले. दुसऱ्याच दिवशी ते बाजारात जाऊन हातमोजे घेऊन आले.

ते होते भांडी घासायचे, पिवळे. टाकी खांद्याइतकी खोल आणि मोजे मनगटाच्या जेमतेम वर. हात आत घालताच ते पाण्याने भरले. शेवंतीबाईंनी ते काढून ठेवले. मग विश्रामभाऊंनी दवाखान्यात वापरतात तसले पातळ मोजे आणले. त्यांना पांढरी भुकटी लावलेली होती. ती पाण्यात उतरली तर माशांना बाधेल, असे शेवंतीबाईंचे म्हणणे पडले. भुकटी धुऊन पाहिली, तर मोजे पहिल्याच प्रवाळाला घासून फाटले. मग आले कारखान्यात घालतात तसले जाड काळे रबरी मोजे, थेट खांद्यापर्यंतचे. त्यांच्यासाठी विश्रामभाऊंनी तालुक्याच्या गावी दोन खेपा घातल्या होत्या. शेवंतीबाईंनी ते अर्धा तास घातले आणि खिडकीत वाळत टाकले.

विश्रामभाऊंचे डोके फिरले. बोटावर बेतलेय ते हिच्या, आणि वणवण करायची आपण. वर हिला काही पसंत पडेल तर शपथ.

"तुम्हाला एकही मोजा कसा चालत नाही, शेवंतीबाई?" त्यांनी विचारले.

"मोजा चालतो, भाऊ. त्यात काम चालत नाही," शेवंतीबाई म्हणाल्या.

विश्रामभाऊंना हे उत्तर निव्वळ हटवादी वाटले. त्यांनी कागदावर ठळक अक्षरांत सूचना लिहिली, की हातमोजे घातल्याशिवाय कुणीही टाकीत हात घालायचा नाही. खाली सही केली आणि कागद भिंतीवर डकवला. शेवंतीबाईंनी तो वाचला, मान हलवली आणि काळे मोजे चढवले. विश्रामभाऊ पाठमोरे झाले की त्या मोजे उतरवत. पावले वाजली की पुन्हा चढवत. असे आठवडाभर चालले. शेवटी एका दुपारी विश्रामभाऊ अनवाणी आले. शेवंतीबाईंचा उघडा हात खांद्यापर्यंत पाण्यात होता.

विश्रामभाऊ ओरडले नाहीत. वैतागाच्याही पलीकडे गेलेल्या माणसाच्या आवाजात त्यांनी सांगितले, की चार दिवस घरी बसा, म्हणजे मी कुणासाठी काय करतोय ते कळेल. शेवंतीबाईंनी पदराला हात पुसले आणि त्या निघून गेल्या.

दोन दिवसांत टाक्यांच्या काचांवर हिरवे शेवाळ चढले. मासे धुक्यातून फिरल्यासारखे दिसू लागले. मत्स्यालयातला दुसरा माणूस पाण्याच्या मोटारी सांभाळायचा. टाकीत हात घालायला तो साफ नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी, दारे उघडण्याच्या आधी, विश्रामभाऊंनी स्वतःच बाह्या सरसावल्या. काळे मोजे घातले आणि मोठ्या टाकीशी शिडी लावली. त्यात काय एवढे कठीण आहे, हे त्यांना एकदा पाहायचेच होते.

पाच मिनिटांत त्यांचा खांदा भरून आला. जाड रबराच्या आत हाताला घाम सुटला. घासणी हातात आहे की सुटली, हेच कळेना. बोट वाकवावे तर आधी रबर वाकवावे लागे. आता हे काम टाकून द्यावे की काय, अशा चडफडाटात त्यांचे कोपर एका दगडाला लागले. दगड कलला. त्याच्या कपारीत पट्ट्यापट्ट्यांच्या माशांची एक जोडी राहत होती. एक मासा सटकला. दुसरा दगडाखाली अडकला आणि शेपूट फडफडवू लागला.

विश्रामभाऊंनी दगड उचलायला हात घातला. मासा कुठे आणि दगड कुठे, हे मोज्यातून काहीच कळेना. जरा जोर केला, तर दगड आणखी बसला. शेपटीची फडफड मंद झाली. सूचनेचा कागद समोरच्या भिंतीवर होता, खाली त्यांचीच सही. त्यांनी एक क्षण त्याकडे पाहिले आणि दातांनी ओढून मोजा काढला.

उघड्या हाताला सगळे नीट कळले. दगडाची धार, त्याखालची पोकळी, माशाचे गार, थरथरते अंग. त्यांनी दोन बोटांनी दगड तोलला आणि मासा निसटला. हात मागे घेताना मात्र तळव्यात आग शिरली. साळिंदर कोपऱ्यातच होते. तीन काटे आत मोडले होते.

हे कुणीच पाहिले नव्हते. मोटारवाला मागच्या बाजूला होता. काटे काढून, मोजा चढवून, झाल्या प्रकारावर पडदा टाकता आला असता. विश्रामभाऊ शिडीवर हात घट्ट धरून बसले आणि तसे करायचे त्यांच्या मनात आलेही. चीड उसळत होती. पण आता ती कुणावर काढावी, हे त्यांना समजेना. नऊ वर्षे या पाण्यात हात घालणाऱ्या बाईने मोज्यात काम चालत नाही, हे कारण सांगितले होते. आपण त्यातला फक्त नकार ऐकला होता.

डॉक्टरांकडून हात बांधून घेऊन ते तडक शेवंतीबाईंच्या घरी गेले. शेवंतीबाई ओट्यावर मासे साफ करत होत्या. त्यांनी बांधलेल्या हाताकडे पाहिले.

"मोजा काढला होता?"

"काढला होता," विश्रामभाऊ म्हणाले. "मासा अडकला होता. मोज्यातून हाताला काही कळेना. तुम्हाला घरी बसवलं, ती माझी चूक झाली."

शेवंतीबाईंनी सुरी खाली ठेवली. त्यांना बसायला पाट दिला आणि काटे सगळे निघाले का, ते आधी विचारले. मग विश्रामभाऊंनी तो प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता: तुम्हाला मोजे कसे हवेत?

शेवंतीबाई म्हणाल्या, "बोट जाण्याची भीती मलाही आहे, भाऊ. पण एकाच मोज्यात सगळं होणार नाही. घासायला आणि माशांच्या जवळ जायला पातळ हवा, भुकटी नसलेला, खांद्यापर्यंत येणारा आणि वर घट्ट बसणारा. साळिंदर हलवायचं असेल त्या दिवशी जाड, आणि सोबत लांब चिमटा. अन् माप माझ्या हाताचं घ्या. तुम्ही आजवर आणलेले सगळे पुरुषी हाताचे होते."

विश्रामभाऊंनी तिथेच दोरी मागून त्यांच्या हाताचे माप घेतले. दुसऱ्या दिवशी शेवंतीबाई कामावर परतल्या आणि सुट्टीच्या दिवशी दोघे तालुक्याच्या गावी गेले. दुकानदाराकडून शेवंतीबाईंनी पाण्याची बादली मागवली. तळाशी मूठभर वाल टाकले. एकेक मोजा घालून, डोळे मिटून, त्या तळातला एकेक वाल उचलून पाहू लागल्या. उचलता आला नाही की मोजा बाजूला. चौथा बाजूला पडला तेव्हा दुकानदाराने सुस्कारा टाकला. सातवा बाजूला पडला तेव्हा विश्रामभाऊंच्याही कपाळाची शीर उडू लागली. पण ते बांधल्या हाताने बादली धरून उभे राहिले.

आठव्या मोज्यात शेवंतीबाईंनी वाल उचलला, चिमटीत फिरवून पाहिला आणि विश्रामभाऊंसमोर धरला.

"हा चालेल," त्या म्हणाल्या. "आता जाड दाखवा."

विश्रामभाऊंनी बादलीतले पाणी बदलून आणले.

तात्पर्य: ज्याच्या हाताची काळजी घ्यायची, त्याच्या हातातले काम आधी समजून घ्यावे, न विचारता लादलेली काळजी त्याच्या उपयोगी पडत नाही, ती फक्त आपल्या मनाची समजूत घालते.