नाव-गाव सांगण्याची रीत

हिरडपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाची जुनी दगडी इमारत आहे. पाहुण्यांना तिच्या उंबऱ्यापर्यंतच नेतात. पहिल्या वर्षाची मुले पहिल्या दिवशी इथे चपला काढून आत जातात आणि टेबलावरच्या मृतदेहापुढे एकेक जण आपले नाव आणि गाव सांगतो. सांगून झाले की क्षणभर थांबतो. मगच पुढच्याची पाळी. हे कुठल्या नियमात लिहिलेले नाही. जुने लोक सांगतात ते असे. त्यातले खरे किती आणि मागाहून चिकटलेले किती, हे आता ठरवता येणे कठीण आहे.

फार वर्षांपूर्वी सोनोपंत कारखानीस नावाचे गृहस्थ इथे डॉक्टरकी शिकले. त्या काळी बेवारस प्रेतांवरच शिकवीत. सोनोपंतांच्या वाट्याला आलेला माणूस धर्मशाळेच्या ओसरीवर मेलेला होता म्हणे. त्याच्या देहावर ते सगळे शिकले, पण तो कोण, कुठला, हे त्यांना कधी कळले नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी त्याच्या पायांवर डोके ठेवले आणि शब्द दिला, की मीही एक दिवस याच टेबलावर येईन, तुझ्यासारखाच बिननावाचा.

पुढे सोनोपंतांनी तालुक्याला दवाखाना चालवला आणि तिथेच ते म्हातारे झाले. मृत्युपत्रात त्यांनी महाविद्यालयाला आपला देह दिला आणि नाव कुणाला सांगू नये, अशी अट घातली.

ते गेले तेव्हा त्यांच्या पत्नी गोपिकाबाईंना धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, अग्नी नाही, अस्थी नाहीत. दादाला गती कशी मिळायची?”

गोपिकाबाईंनाही तेच आतून पोखरत होते. त्या नुसते ‘देह द्यायला नको’ म्हणाल्या असत्या तरी चिता रचली गेली असती. पण नवऱ्याने कुणाला दिलेला शब्द त्यांनी आजवर खाली पडू दिला नव्हता. त्यांनी गाडी बोलवायला सांगितले.

या दगडी इमारतीच्या उंबऱ्याशी मात्र त्यांचा पाय अडला. विभागप्रमुख डॉ. साबळे सामोरे आले.

“मुलांना सांगाल ना, हे कोण ते?”

“नाही, काकू. डॉक्टरांचीच अट आहे.”

“यांच्या अटी! घरात मिठाची बरणी कुठली ते जन्मात कळलं नाही, आणि गेल्यावरही हुकूम सोडतात.” त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचा बांध फुटला.

अग्नीचे दुःख त्यांनी कसेबसे गिळले होते, असे सांगतात. पण सारा जन्म माणसांत काढलेला हा माणूस अनोळखी हातांखाली मुका पडून राहणार, हे त्यांना सोसवेना. शेवटी त्या म्हणाल्या, “मग यांचं नाव नका सांगू. पण पोरांना आपापलं सांगू द्या. दवाखान्यात कुणीही येवो, नाव-गाव विचारल्यावाचून यांनी कधी कुणाच्या अंगाला हात लावला नाही. यांच्या अंगालाही तसा कुणी लावू नये.”

साबळ्यांनी मुलांना आत टेबलापाशी बोलावले आणि तसे सांगितले. पहिल्यांदा एक मुलगी पुढे झाली.

“मी शकुंतला भोईटे. गाव पिंपळदरी.”

एवढे सांगून ती थांबली. वडीलधाऱ्या माणसाला नाव सांगितले की ते ‘कुणाची गं तू?’ असे विचारते, त्याची ती वाट पाहत होती. खेड्यातली सवय. आत कुणीच काही बोलले नाही.

बाहेर गोपिकाबाई कान देऊन उभ्या होत्या. नाव ऐकून हे गप्प राहिले, असे कधीच झाले नव्हते. ते गेले, हे त्यांना खरे कळले ते त्या क्षणी, असे म्हणतात. घरी कितीही जणींनी सांगितले तरी त्यांनी पुसू न दिलेले कुंकू त्यांनी तिथेच, आपल्या पदराने पुसले.

आजही मुले नाव सांगतात, गाव सांगतात आणि थांबतात. समोर कोण आहे, हे त्यांना ठाऊक नसते. रांगेतली मागची चुळबुळतात, पण पुढच्याला कुणी ढकलत नाही. उत्तर येत नाही, एवढे ऐकून झाले की मगच पहिला हात पुढे होतो.