बंद दाराआडची गाणी

एकदा एक तरुण समीक्षिका आपले दोन अभिप्राय घेऊन वृद्ध गुरूंकडे आली. तिचे नाव शाल्मली. एका साप्ताहिकात ती पुस्तकांवर आणि संगीतावर लिहीत असे, आणि छापायला देण्यापूर्वी प्रत्येक लेख गुरुजींना वाचून दाखवीत असे. या खेपेस पहिला अभिप्राय होता वयात येणाऱ्या एका मुलाविषयीच्या कादंबरीवर. दुसरा, फारशा प्रसिद्ध नसलेल्या रॉक बँडची गाणी एकत्र केलेल्या संग्रहावर.

दिवस मावळला होता. गुरुजींचे घर टेकडीच्या पोटाशी. तिथे अंधार लवकर उतरे. शाल्मलीने खणखणीत आवाजात वाचायला घेतले, "हा नायक आत्ममग्न आहे. तो घरातल्या कुणाशी बोलत नाही. तो खोलीत कोंडून घेतो आणि एके दिवशी निघून जातो. अशा मुलाविषयी वाचकाला माया का वाटावी? शिवाय उत्तरार्ध उगाच लांबला आहे." गाण्यांविषयी तिने एवढेच लिहिले होते, 'हा निव्वळ गोंगाट आहे.'

गाण्यांची सीडी उचलून गुरुजी आतल्या खोलीकडे निघाले.

"दाराशी बस आणि कादंबरीवरचा लेख पुन्हा वाच," ते म्हणाले. "फक्त जिथे 'तो' आहे, तिथे 'तू' म्हण."

"कुणाला उद्देशून?"

"दाराला."

आतून कडी लागली.

शाल्मलीला हसू आले. मग गाणे सुरू झाले. लाकडातून ड्रमचे ठोके येऊ लागले, आणि शब्द न कळणारा एक कोवळा, फाटका आवाज.

"तू आत्ममग्न आहेस," ती वाचू लागली. "तू घरातल्या कुणाशी बोलत नाहीस."

एक गाणे संपले. दुसरे सुरू होण्याआधीच्या शांततेत आत कुणीतरी येरझारा घालत होते. गुरुजी पाय ओढत चालत. ही पावले हलकी होती, अनवाणी होती.

"तू खोलीत कोंडून घेतोस आणि..."

पुढचे शब्द कागदावर होते. तिच्या तोंडून मात्र निराळेच निघाले.

"दादा, दार उघड ना! आई जेवायची थांबलीये."

तिने दारावर मूठ आपटली. गाणे थांबले. कडी सरकली. उंबऱ्यात गुरुजी उभे होते. तरीही शाल्मलीने त्यांच्या खांद्यावरून आत पाहून घेतले. खोली रिकामी होती.

"मी शाळेत होते तेव्हा," ती पुटपुटली. "दादा असलीच गाणी लावून खोलीत कोंडून घ्यायचा. गेला तो गेलाच. आहे की नाही, तेही ठाऊक नाही. पण मी हे कधी बोलले नव्हते. तुम्हाला कसे कळले?"

"मला तुझा भाऊ ठाऊक नव्हता," गुरुजी हळूच म्हणाले. "पण उत्तरार्ध लांबला म्हणताना तुझा आवाज स्थिर होता, 'निघून जातो' म्हणताना मात्र कापला. बाळ, पुस्तकावर किंवा गाण्यांवर कुणी एवढे रागावत नाही. एवढा राग येतो तो आपल्या माणसाचा. तुझा राग खोटा नाही. मात्र तो ज्याचा आहे, त्याच्यापाशीच राहू दे. त्या लेखकाने काही तुझे घर सोडलेले नाही."

शाल्मलीने तिथेच लेख नव्याने लिहिला. उत्तरार्ध लांबल्याचे मत तिने बदलले नाही. मुलाविषयीची वाक्ये खोडली. आणि गाण्यांपुढे लिहिले, 'यांच्यावर आज मत देता येत नाही. ही मी आजवर दाराबाहेरूनच ऐकली आहेत.'