एडक्याचा कुठला पाय?

जनावरांची स्वतःची जत्रा भरायची, त्या काळची गोष्ट. टकरींचा मानाचा एडका रणबाज जत्रेच्या तोंडावर लंगडत कासववैद्यांच्या झोपडीत शिरला. झालं! दारात अख्खं रान गोळा झालं.

“कुठला पाय? खूर की गुडघा? टकरीला उतरणार ना?”

ज्यांना स्वतःच्या शेपटीतला काटा दिसत नव्हता, तेही निदान करू लागले. टकरीत रणबाजसमोर उतरणाऱ्या एडक्याचा मामा तर कान टवकारून सगळ्यांत पुढे उभा होता.

वैद्यबुवांनी मान कवचात ओढून घेतली.

कोंबडा कुंपणावर चढला आणि बायकोच्या कानात काहीतरी पुटपुटला. कोंबडी मोठ्यानं म्हणाली, “हे म्हणतात, आम्ही रणबाजसाठी घसा फोडून ओरडतो. त्याचा पाय आता सगळ्या रानाचा आहे. सांगायलाच हवं!”

कवचातून आवाज आला, “बरं. मग आजपासून प्रत्येकाचं दुखणं चावडीवर सांगत जाईन. माझ्याकडे तर सगळेच येऊन गेलेत. सुरुवात कुणापासून करू?”

मोरानं पिसारा घाईघाईनं आवरला. कोल्ह्याला घरचं काम आठवलं. कोंबडा पुन्हा बायकोच्या कानाशी लागला.

“हे म्हणतात,” कोंबडी म्हणाली, “पेशंटला जरा विश्रांती घेऊ द्या की!”

दुसऱ्या दिवशी पहाटे बांग ऐकून रणबाज दचकून उठला.

“वैद्यबुवा, कोंबड्याचा आवाज आज असा बारीक कसा?”

वैद्यबुवांनी मान कवचात ओढून घेतली.