उमाळामाईच्या वशाची कहाणी

ऐक गं उमाळामाई, तुझी कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका, चुळबुळ पुरे.

आटपाट नगरात वेशीपाशी एका कोष्ट्याचं घर होतं. त्याची बायको आनसा. तिला मुलगा झाला, पाचवी पुजली, आणि माहेरून सांगावा आला, आई गेली. आनसानं हंबरडा फोडला, तशी सासू धावली. "अगं अगं, रडू नको! बाळंतीण रडली की दूध आटतं." मग आनसानं तोंडात पदर कोंबला. हुंदका आला, गिळला. पुन्हा आला, पुन्हा गिळला. मग छाती दगड झाली, श्वास पुरेना. आणि दूध आटलंच! गाईचं पाजलं, तर बाळ उलटून टाकी. रडून रडून निपचित पडलं.

मग दारी एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, कपाळी मळवट. म्हणाली, "मुली, वसा सांगते, घेशील तर टाकू नको."

"काय करावं, माई?"

"भुईला पाय टेकून बसावं. पोटावर हात ठेवावा, श्वास सावकाश घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा. मग दुखतं ते बोलावं. येईल ते पाणी अडवू नये."

मग आनसा तुळशीपाशी बसली. श्वास घेतला, सोडला, शब्द फुटेना. मग गाईपाशी बसली. "माझी..." एवढंच निघालं. मग सासूपाशी बसली. श्वास घेतला, सोडला, म्हणाली, "सासूबाई, माझी आई गेली हो!"

सासूचा हात तिचं तोंड दाबायला उठला, आणि गालावरच थांबला. "माझी आई गेली तेव्हा मी रडले होते गं. मग दूध आटलं, माझं पहिलं लेकरू गेलं. म्हणून तुझ्यासाठी भीत होते. रड बाई, पोटभर रड."

दोघी गळ्यात पडून रडल्या. मग काय नवल सांगू! कोष्ट्याचा माग थांबला, वारा थांबला, भरदुपारी घरात दिव्यांचा उजेड पडला. आनसाची चोळी दुधानं भिजली. बाळानं डोळे न उघडताच तोंड लावलं, चुरुचुरु प्यालं. आनसानं हात जोडले, अंगावर काटा आला.

सासू दारी धावली. म्हातारी नव्हती. कुंकवाची पावलं तेवढी होती, शेजारणीच्या दाराकडे गेलेली. सासूनं डोळे पुसले, चपला न घालताच त्या पावलांमागं शेजारणीला वसा सांगायला गेली.

जशी उमाळामाई आनसाला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. कुणाचा हुंदका गळ्यात न अडो. साठां बोलांची कहाणी पाचां बोलांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.